एर्मेलिंदाच्या भट्टीमुळे

७ डिसेंबर १९८९

गूळ नाही. साखर नाही. रशियाचं जहाज अजून बंदराला लागलं नाही, असं पास्तोराने सांगितलं. मारियामातेच्या सणाला साखर लागते हे रशियाला कुणीतरी कळवायला हवं! कपाळाला हात लावला आणि मका दळायला घेतला. गोड नाही तर नाही. यंदा सणाची हाक देत दारात येईल त्याच्या हातावर रोस्किया, मक्या-चीजच्या कुरकुरीत कड्या, ठेवायच्या. मक्याचं पीठ आणि चीज तरी घरचं आहे, आणि सोमोतोत माझ्या भट्टीतल्या रोस्कियाला नावं ठेवणारा अजून जन्मायचाय.

सहाला चर्चची घंटा झाली आणि गल्लीत हाक उठली— "एवढा आनंद कुणामुळे?" आम्ही सगळे— "मारियामातेमुळे!" सगळ्यांत मोठा आवाज पास्तोराचा. गल्लीच्या समितीची प्रमुख, सरकारच्या पक्षाची कट्टर, भिंतीवर लेनिनचा फोटो. आणि सण आला की पाद्रीबाबांपेक्षा मोठ्याने ओरडते. तिचंही खरं आहे. आपल्याकडच्या माणसाला ही हाक ऐकून गप्प बसताच येत नाही. शिंक दाबता येईल एक वेळ, हे नाही.

मुलं लहान असताना त्यांनी उत्तराला शेपूट जोडलं होतं— "मारियामातेमुळे, आणि एर्मेलिंदाच्या भट्टीमुळे!" मी रागवायचे. मातेच्या नावाला माझं नाव चिकटवता, पाप लागेल! आतून सुखावायचे. आज ते शेपूट कुणी ओरडलं नाही. मी वाट बघत राहिले, मूर्खासारखी.

थोरला एव्हेलिओ डोंगरात, होंडुरासच्या हद्दीवर, काँत्रांबरोबर, सरकारविरुद्धच्या बंडखोरांत. धाकटा दानिलो लष्करात, काँत्रांशी लढायला. थोरल्याचे बूट अमेरिकेचे, धाकट्याची बंदूक रशियाची. त्या दोन बड्यांनी एकमेकांच्या अंगणात साधा खडा टाकला नाही. मारामारी सगळी माझ्या अंगणात.

८ डिसेंबर

दिवसभर भांडी घासली. गुडघे गेले.

२१ डिसेंबर

अमेरिकेचे यांकी पनामात उतरले! रेडिओवर दुसरं काही नाही. पनामानंतर आपलाच नंबर, असं जो तो म्हणतो. पास्तोराने माझ्या परसात खंदक खणून घेतला, गल्लीतल्या बायकांनी विमानं आली की त्यात लपायचं म्हणे. माझ्या कोंबड्यांनी लगेच त्यात अंडी घातली. युद्धात कुणाचं तरी भलं झालं.

पण यांकी आले तर एव्हेलिओ त्यांच्या बाजूने उतरेल आणि दानिलो समोर. एव्हेलिओ भांडून गेला होता. सहकारी शेतीवाल्यांनी त्याच्या वडिलांनी मागे ठेवलेला जमिनीचा तुकडा आत ओढला, तेव्हा म्हणाला, "हे राज्य गरिबांचं म्हणतात, मग आपण कोण, आई?" आणि गेला. त्यानंतर निरोप नाही, काही नाही. आहे की नाही तेही माहीत नाही. दानिलो तर सिनेमाला गेला होता. सक्तीच्या भरतीवाल्यांनी थिएटरच्या दारातच उचलून ट्रकमध्ये घातला. तिकीट काढलेलं होतं, तेही फुकट गेलं.

राजकारण कुणाला हवं होतं? एकाला शेत हवं होतं, एकाला सिनेमा.

१४ जानेवारी १९९०

आनंद! आनंद!

दानिलोच्या तुकडीतला नोएल रजेवर आला होता, किलालीकडच्या डोंगरातून. दानिलो धडधाकट आहे, फक्त हल्ली बोलत नाही फारसा, असं म्हणाला. मी कॉफी आणि रोस्किया पुढे ठेवल्या. खाता खाता सांगायला लागला. सात तारखेला संध्याकाळी त्यांनीही टेकडीवर सण केला, साखर नव्हती पण ओरडायला काय लागतं! सगळ्यांनी मिळून हाक दिली. समोरचा डोंगर रिकामा आहे असं त्यांना वाटत होतं. तिथून उत्तर आलं!

"एकदम खणखणीत, मावशी. आणि वर शेपूट— 'आणि एर्मेलिंदाच्या भट्टीमुळे!' आम्ही म्हटलं, ही एर्मेलिंदा कोण बुवा? काँत्रांची कोणी संत आहे की काय?"

मी पिठाच्या पोत्यावर बसले. पोराला माझं नावच माहीत नव्हतं. त्याच्यासाठी मी दानिलोची आई. मग त्याची नजर मागे भट्टीवर गेली आणि घास तोंडातच राहिला.

माझा एव्हेलिओ जिवंत आहे! मातेनेच त्याच्याकडून बोलवून घेतलं. मी विचारलं, मग पुढे काय झालं? नोएल कपात बघत राहिला. "पुढे काही नाही, मावशी. सकाळ झाली." मी त्याची पिशवी रोस्कियांनी भरली, नको नको म्हणत होता तरी.

पास्तोराला सांगितलं. सांगायला नको होतं, काँत्राची आई म्हणजे गल्लीला डाग. ती म्हणाली, "मला आज कानांनी काही ऐकू येत नाहीये बघ." आणि मला घट्ट मिठी मारली.

२५ फेब्रुवारी

मत दिलं. अंगठा शाईने काळा झालाय, पिठात हात घालायची सोय नाही. कुणाला दिलं? सक्तीची भरती जो बंद करेल त्याला. पक्षबिक्ष मला विचारू नये.

२६ फेब्रुवारी

विरोधकांच्या त्या पांढऱ्या कपड्यातल्या बाई जिंकल्या! गल्लीत चिडीचूप. हरलेल्यांना खरं वाटत नाही आणि जिंकलेल्यांना नाचायचा धीर होत नाही. मी दार लावून घेतलं आणि एकटीच स्वयंपाकघरात गिरकी घेतली. गुडघ्यांनी चालवून घेतलं.

मग कॉफी घेऊन पास्तोराकडे गेले. रडून डोळे सुजले होते. दहा वर्षं तिने ह्या राज्यासाठी रक्त आटवलं, ते काय खोटं होतं? म्हणाली, "आता हसशील मला." मी म्हटलं, "हसेन, पण उद्या. आज कॉफी घे."

११ मार्च

दानिलो घरी आला. अंगात उवा, पायाला चिखल्या, पण हात-पाय सगळे जागेवर. मी मोजून पाहिले, खोटं नाही! जीव भांड्यात पडला. गणवेश उकळत्या पाण्यात टाकला.

भात-राजमा जेवला. रोस्कियाला हात लावला नाही. भट्टीकडे पाठ करून बसला.

१५ मार्च

अजूनही पाठ करूनच बसतो. कोळशाचा वास सहन होत नाही म्हणे. भट्टीवाल्याच्या घरात जन्मलेला मुलगा!

१९ मार्च

लिहू की नको. लिहिते.

आज दुपारी मी त्याला लाडाने म्हटलं, "तुला एक आनंदाची गोष्ट सांगायची राहिलीच, तुझा भाऊ जिवंत आहे, नोएलने सांगितलं, सात तारखेचं उत्तर—" तो लाकडं फोडत होता. कुऱ्हाड खाली ठेवली.

"मला माहीत आहे, आई. मीही तिथेच होतो."

मग एकेक करून बाहेर पडलं. शेपूट ऐकल्यावर सगळे हसले, फक्त दानिलो हसला नाही. लेफ्टनंटही हसला नाही. त्याला एवढंच कळलं की समोर माणसं आहेत आणि कुठे आहेत. पहाटे उखळी तोफ लावायला सांगितली. उखळी चालवणारा कोण? माझा दानिलो.

"सांगायचं होतंस त्याला!" मी म्हटलं.

"काय सांगणार होतो? की समोर माझा भाऊ आहे? मला भिंतीशी उभं करून गोळी घातली असती आणि तोफ दुसऱ्याने डागली असती." मग म्हणाला, "नेम जरा लांब धरला होता. लांब पडला की नाही, धुक्यात दिसलं नाही."

म्हणजे जानेवारीत मी नाचत होते तेव्हा—

२० मार्च

भट्टी पेटवली नाही.

२ एप्रिल

पेटवली. गिऱ्हाइकं दाराशी उभी राहिली तर काय करणार? सगळा घाणा करपला. पास्तोराने ती करपलेली रोस्किया खाल्ली आणि छान झालीय म्हणाली. पक्षात राहून खोटं बोलायला तरी शिकली.

तिला सगळं सांगितलं. यावेळी तिला ऐकू आलं.

२६ एप्रिल

काल नव्या बाईंनी शपथ घेतली. सक्तीची भरती बंद! यापुढे कुणाचं पोर सिनेमाच्या दारातून उचललं जाणार नाही. बाजारात बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. अर्धा दिवस मीही खूश होते.

काँत्रा डोंगरातून उतरून ठरवून दिलेल्या ठिकाणी गोळा होताहेत, हत्यारं द्यायला. निळ्या टोप्यांचे परदेशी शिपाई तिथे राखण करतात. जवळचं ठिकाण याली. पास्तोरा म्हणाली, चल, मी येते. मी म्हटलं, तुला बघून ते गोळी घालतील. ती म्हणाली, "मग पक्षाचा लाल-काळा रुमाल घरी ठेवते. त्यात काय एवढं!"

२० मे

यालीहून आत्ताच आलो. बसमध्ये बसून बसून कंबर मोडली. हात धुऊन पहिली इथे बसले.

नुसती माणसंच माणसं तिथे. प्लास्टिकचे तंबू, चिखल, खेचरं, गळ्यात जपमाळ घातलेली पोरं. मी रोस्कियांची पाटी डोक्यावर घेऊन विचारत फिरले— एव्हेलिओ, सोमोतोचा एव्हेलिओ? कुणाला माहीत नाही! डोंगरात कुणीच खरं नाव सांगत नाही, प्रत्येकाने टोपणनाव घेतलेलं. वाघ, वीज, विंचू, काय काय! माझ्या पोराचं मी ठेवलेलं नाव तिथे चालत नव्हतं. यादीवाल्या परदेशी पोराने मला सभ्यपणे विचारलं, त्याचं युद्धातलं नाव काय, आजी? मला कुठून माहीत असणार! पास्तोरा म्हणाली, बस जरा. मी चिखलातच बसले.

आणि एकदम सुचलं. उठले. मे महिना होता, सणाला अजून किती अवकाश, लोक वेडी म्हणतील. म्हणू देत. पोटातून ओरडले— "एवढा आनंद कुणामुळे?"

सगळा तळ माझ्याकडे वळला. मग कुणीतरी हसलं, आणि मग, सांगितलं ना, आपल्या माणसाला गप्प बसवतच नाही— शेकडो गळ्यांतून आलं, "मारियामातेमुळे!" निळ्या टोप्यांनी बंदुका सावरल्या, बिचारे घाबरले.

आणि त्याच्यामागून, खेचरं बांधली होती तिकडून— "आणि एर्मेलिंदाच्या भट्टीमुळे!"

एकाचा आवाज नव्हता, पाच-सहा जणांचा होता. ते सगळे आधी हसले आणि मग पाटी बघून त्यांची तोंडं उघडीच राहिली. त्यांच्या मधून एक दाढीवाला बाप्या वाट काढत आला. मी ओळखलं नाही. तो म्हणाला, "आई, तू म्हातारी झालीस गं."

मी त्याच्या मुस्काटात मारली. मग मुके घेतले. मग परत मारली! पास्तोरा हुंदके देत उभी, आणि त्याने तिला विचारलं, "काकू, आता मला अटक करणार का?" ती म्हणाली, "आधी अंघोळ कर, मग बघू."

पाटी तिथल्या तिथे रिकामी झाली. त्याच्या सोबतची पोरं एकेक रोस्किया हातात फिरवून बघत होती, जुनी ओळख असल्यासारखी. एव्हेलिओने भुकेच्या दिवसांत त्यांना माझ्या भट्टीच्या इतक्या गोष्टी सांगितल्या होत्या म्हणे, की सगळ्यांना त्या पाठ झाल्या.

जिवंत आहे. माझा दानिलो खुनी नाही. माता, तुझे किती उपकार!

१७ जून

एव्हेलिओ घरी आला! बंदूक दिली. परदेशी शिपायांनी ती त्याच्यासमोर गॅसच्या ज्योतीने कापली. भंगारवाल्यालाही उपयोगी नाही, म्हणाला.

दानिलो सकाळपासून दारात उभा होता. बस आली तसा परसात पळाला. एव्हेलिओ मागोमाग गेला. मी आणि पास्तोरा खिडकीतून बघत होतो, लाज सोडून. दानिलो मान वर करेना. एव्हेलिओने त्याच्या डोक्यावर टप्पल मारली.

"गाढवा, तुझा नेम लहानपणापासून वाईट. ओढ्यात पडले सगळे. मासे मेले फक्त."

दानिलो इतका रडला, इतका रडला! मग दोघंही खंदकात पाय सोडून बसले आणि कोंबड्या हाकलत राहिले. रात्रीच्या जेवणाला दानिलोने माझ्या पाटीतून रोस्किया उचलली आणि खाल्ली. कुरकुर आवाज झाला. त्या आवाजासाठी मी तीन महिने थांबले होते.

युद्ध संपलं. इतरांचं कधी संपायचं तेव्हा संपो, माझं आज संपलं.

२१ जून

नाही संपलं.

आज एव्हेलिओ माझ्याबरोबर पीठ मळत होता. मी सहज विचारलं, ओढा एवढा जवळ होता तर तू उत्तर दिलंस तेव्हा कुठे उभा होतास? त्याने दानिलो बाजारात गेलाय ना, हे बघून घेतलं.

"मी उत्तर दिलंच नाही, आई. मी झोपलो होतो."

उत्तर तोरिबिओने दिलं होतं. किलालीच्या बाजूचा पोरगा, वय किती तर दाढीसुद्धा फुटली नव्हती. एव्हेलिओच्या गोष्टी ऐकून ऐकून त्याला सोमोतोचा रस्ता, आमचं दार, भट्टी, सगळं माहीत झालं होतं. युद्ध संपलं की आधी एर्मेलिंदाकडे आणि मग घरी, असं म्हणायचा. हाक आली तशी तोंडातून निघून गेलं. त्यांचा नायक खवळला, जागा उघडी पडली म्हणून. सगळे मागे हलले. शिक्षा म्हणून तोरिबिओला तिथेच पहाऱ्याला ठेवलं. पहाटे धुकं होतं.

"दानिलोला ओढ्याचं सांगितलं तेच राहू दे," एव्हेलिओ म्हणाला.

मी मळत राहिले. खरं लिहिते, इथे कुणाची चोरी आहे? आधी माझ्या मनात आलं— बरं झालं, माझा नव्हता. पहिलं तेच आलं. मग स्वतःची इतकी शिसारी आली की पीठ तसंच टाकून बाहेर गेले. परत येऊन मातेसमोर बसले आणि तरीही पुन्हा तेच म्हटलं, माझा नव्हता, तुझे उपकार. काय करू? सुटल्यासारखं वाटतंय. त्या पोराची आई अजून वाट बघत असेल.

१२ नोव्हेंबर

एव्हेलिओ किलालीकडे जाऊन आला. डोंगरात त्यांचं ठरलेलं असतं म्हणे, जो वाचेल त्याने दुसऱ्याच्या आईला सांगायचं. इतके महिने टाळत होता. मीही त्याला टाळू देत होते.

बाईचं नाव कांदेलारिया. याने सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं, तोफ कुणाची तेही. मी ओरडले, ते कशाला? तो म्हणाला, "तिने विचारलं, आई. खोटं बोलायचं तर दानिलोशी जमलं, आईने विचारल्यावर नाही जमत."

ती म्हणाली, सणाला येईन. ती भट्टी मला बघायचीय.

२८ नोव्हेंबर

दानिलोला मी तोरिबिओचं सगळं सांगितलं. मीच सांगायला हवं होतं. तो उठला, माती भिजवली आणि भट्टीच्या घुमटाला गेल्या वर्षीपासून पडलेली चीर लिंपायला लागला. दिवसभर लिंपत होता. संध्याकाळी एवढंच विचारलं, "ती येणार म्हणजे नक्की येणार?"

मी म्हटलं, नक्की.

तो म्हणाला, बरं झालं.

७ डिसेंबर १९९०

ती आली. सहाची घंटा झाली आणि गल्लीतून हाक उठायच्या आत तीच दारात उभी राहिली. दानिलोकडे बघितलं आणि म्हणाली— "एवढा आनंद कुणामुळे?" कुणाच्या तोंडून शब्द फुटेना, माझ्याही नाही, पास्तोराच्याही नाही. मग दानिलोने उत्तर दिलं. एकट्याने, शेपटासकट. तिने हात पुढे केला. त्याने त्यावर रोस्किया ठेवली.